इंजिन बांधून आणले, तरी गाडी ओढत का नाही?



पवनी तालुक्यातील एका भगिनीने निरोप पाठविला. अंगणवाडीचे काम, रोजचे तीन गावांचे जाणे-येणे, आणि दारात एक जुनी, दुसऱ्या हाताने घेतलेली बिनगिअरची स्कूटर. गाडी धूर टाकू लागली, ऑईल खाऊ लागली, म्हणून इंजिन बांधायला दिले. लेथवर बोअर झाला, नवा पिस्टन बसला, रिंगा बसल्या, हेडचे काम झाले. पैसा बचत गटातून कर्जाने काढला. गाडी घरी आली, धूर थांबला. पण इंजिन नुसते ओरडते आणि गाडी काही पुढे सरकत नाही! गॅरेजवाला म्हणतो, "इंजिन पुन्हा खोलावे लागेल, पिस्टन गडबडला असेल." ताईंचा प्रश्न सरळ आहे: पुन्हा कर्ज काढू काय?

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. नाही. आधी डाव्या बाजूचा डबा खोलून पाहा.

आता कोणी म्हणेल, या सदरात पोरांची फी, विम्याचे हप्ते, घरचा जमाखर्च यांच्या गोष्टी चालतात, आज हे मेकॅनिकचे काम कुठून आले? पण हाही जमाखर्चच आहे. आपल्या वस्त्यांतून पूर्वी सायकल होती, मग लूना आली, आता दोन घरांआड एक बिनगिअरची गाडी आहे. कंपनी कोणतीही असो, आपल्या बायामाणसे तिला "स्कूटी"च म्हणतात. आशाताई, अंगणवाडीच्या सेविका, घरोघरी कापड विकणाऱ्या भगिनी, वरठीच्या कारखान्यात पाळी करणारे बंधू, कॉलेजला जाणाऱ्या मुली, सगळ्यांची रोजी या गाडीवर फिरते. गाडी चार दिवस उभी राहिली की घराचा चार दिवसांचा तोल जातो. आणि ज्याला आतले काही ठाऊक नाही त्याच्याकडून काय वाटेल ते बिल घेता येते. म्हणून थोडे आत शिरू या.

या गाड्यांना गिअर नाहीत असे आपण म्हणतो, ते खरे नाही. गिअर आहेत, पण पायऱ्यांचे नाहीत. रपट्यासारखे, सलग आहेत. मागच्या चाकाजवळ डाव्या बाजूला जो लांबट डबा दिसतो, त्यात पुढे एक पुली, मागे एक पुली आणि दोहोंवर एक जाड रबरी पट्टा असतो. पुली म्हणजे तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन उतरत्या थाळ्या समजा. थाळ्या एकमेकींपासून दूर गेल्या की पट्टा खोल बसतो, जवळ आल्या की पट्टा वर चढतो. गाडी निघते तेव्हा पुढच्या पुलीत पट्टा खोल असतो आणि मागच्या पुलीत वर असतो, म्हणजे पहिला गिअर. वेग वाढला की पुढचा पट्टा वर येतो, मागचा खाली जातो, म्हणजे शेवटचा गिअर. मधे हजार गिअर झाले म्हणा ना!

मग पुढच्या थाळीला जवळ ढकलतो कोण? इथेच आजच्या विषयाची नाडी आहे. त्या थाळीच्या पाठीमागे सहा छोटे गोल रोलर असतात. बाहेरून प्लास्टिकसारखे कठीण आवरण, आत धातूची नळी, बहुधा पितळेची. भंडारा ही पितळेची नगरी, तेव्हा पितळ काय वजनाचे असते हे आपल्या लोकांना सांगायला नको! इंजिन फिरले की हे रोलर बाहेर फेकले जातात, उतरत्या खाचेवर चढतात आणि थाळीला पुढे ढकलतात.

धानाच्या शेतात पाखरे हाकायला गोफण फिरविली असेल तर हे चटकन समजेल. गोफण जितकी जोरात फिरवाल तितकी दोरी हाताला ओढते. दगड जड असला तर हळू फिरवूनही तितकीच ओढ येते. दगड हलका असला तर तितक्या ओढीसाठी हात जोराने फिरवावा लागतो. रोलरचेही तेच. जड रोलर कमी फेऱ्यांवरच गिअर चढवून टाकतात. हलके रोलर इंजिनला जास्त फिरवून घेतात आणि मगच गिअर चढवतात. मागच्या पुलीतली स्प्रिंग उलट बाजूने जोर लावत असते. या दोघांच्या ओढाताणीत इंजिन किती फेऱ्यांवर चालेल ते ठरते.

कारखान्याने हा हिशेब आधीच केलेला असतो. इंजिनचा जोर एका ठराविक फेऱ्यांवर सर्वांत जास्त असतो. पूर्ण रेस दिली की इंजिन त्याच्या आसपास राहावे असे रोलर निवडलेले असतात. प्रत्येक गाडीचे वजन वेगळे. शेजाऱ्याच्या गाडीचे रोलर आपल्याला चालतीलच असे नाही, माप जुळले तरीही नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून आकडा मांडल्याशिवाय चैन पडत नाही. बाहेर फेकणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. फेरे दुप्पट, तर जोर चौपट. म्हणून वजन आणि फेरे यांचे नाते सरळ नसते. समजा, एकेक रोलर १५ ग्रॅमचा आहे आणि गाडी मिनिटाला ५००० फेऱ्यांवर गिअर चढवते. रोलर १३.५ ग्रॅमचे केले, म्हणजे वजन दहा टक्के घटविले, तर फेरे दहा टक्के वाढत नाहीत. ते सुमारे ५२७० होतात, म्हणजे पाच-साडेपाच टक्के वाढ. १२ ग्रॅमचे केले तर सुमारे ५५९०. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गाडीचे नव्हेत. पण एक गोष्ट यातून दिसते. एकेका रोलरमागे एक ग्रॅम म्हणजे फार थोडे असे समजू नका, कान असणाऱ्याला तो फरक ऐकू येतो.

आता ताईंच्या गाडीकडे येऊ. ओळखीतला एक तरुण, आयटीआय झालेला, नागपूरला दोन वर्षे गॅरेजात राबून आलेला, त्याला आम्ही पाठविले. त्याने गाडी एकदा चालवून पाहिली आणि म्हणाला, "ताई, इंजन खोलू नोका जी. इंजन बरोबर हाये. डबा खोलू द्या."

डबा उघडला तर आत रोलर निघाले ते मूळचे नव्हतेच. कुणीतरी आधी बदललेले, मूळच्यापेक्षा बरेच हलके. कसे झाले असेल? अंदाज सोपा आहे. जुन्या मालकाकडे असतानाच इंजिन थकले होते. थकलेले इंजिन जड रोलर ओढू शकत नाही, पुलाच्या चढावर गाडी बसते. तेव्हा कुणा हुशार कारागिराने इंजिनला हात न लावता रोलर हलके केले. गाडी उठली, मालक खूष, आणि ग्राहकाला विकायलाही सोपी गेली! पुढे ताईंनी इंजिन बांधले. आता इंजिन तरणेबांड झाले, पण रोलर म्हाताऱ्याच्या मापाचे राहिले. इंजिन ओरडते, फेरे वाढत जातात, पण पट्टा वर चढतच नाही. गाडी जणू दुसऱ्या गिअरमध्ये अडकून पडली. पेट्रोल मात्र पाचव्याचे जाते. मूळ वजनाचे रोलर बसविले, पट्टाही बदलला, आणि गाडी चालू लागली. खर्च काही शेकड्यांत आटोपला. इंजिन पुन्हा खोलले असते तर हजार कुठल्या कुठे गेले असते.

नेहमी असेच निघेल असे नाही. इंजिन ओरडते आणि गाडी सरकत नाही, याला आणखी दोन कारणे असतात: पट्टा झिजून घसरत असेल, किंवा मागच्या क्लचचे शू चकचकीत होऊन घासत असतील. उलट, इंजिन दबक्या आवाजात घुमते, निघतानाच मरगळते, तर रोलर जड आहेत किंवा मागची स्प्रिंग बसलेली आहे. निघताना हिसके बसतात, तर आधी क्लचची वाटी आणि शू पाहावे. वेग एका जागी अडतो, आवाज खरखरीत येतो, तर रोलर एका बाजूने चपटे झालेले असण्याची शक्यता फार. चपटा रोलर गोल फिरत नाही, घसरतो, आणि खाचेत अडकतो. ज्या गाडीचे इंजिन बांधण्याइतके चालले, तिचे रोलर गोल राहिले असतील हे मानायला आम्ही तयार नाही.

म्हणून इंजिन बांधायला टाकताना त्याच वेळी सांगावे: डबा उघडा, रोलर आणि पट्टा दाखवा. पट्टा रुंदीने झिजला की पुलीत खोल बसतो आणि गाडीचा वरचा वेग जातो. झीज किती चालते हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. रोलर तोलायचे असतील तर सराफाच्या काट्यावर तोला. ओळखीचा सराफ नाही म्हणणार नाही, थोडा हसेल एवढेच! सहाही जवळपास सारखे भरले पाहिजेत. मूळचे वजन किती ते पुस्तिकेवरून किंवा कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानातून त्याच मॉडेलचे नाव आणि साल सांगून पक्के करावे. ॲक्टिवा म्हटले म्हणजे झाले असे नाही. त्या एका नावाखाली इतक्या वर्षांत अनेक इंजिने येऊन गेली.

काही कारागीर सांगतात, "बोअर वाढला ना, मग रोलरही जड लागतील." हे ऐकून गोंधळू नका. पुनर्बांधणीत बोअर पाव किंवा अर्धा मिलिमीटरने वाढतो. समजा ५० मिलिमीटरचा साडेपन्नास झाला, तर इंजिनची जागा दोन टक्क्यांनी वाढली. त्याने रोलर बदलण्याची गरज पडत नाही. मूळ मापाचे इंजिन, मूळ वजनाचे रोलर, हाच नियम धरावा. मोठ्या मापाचे सिलिंडर घालून गाडी पळविण्याचा नाद तरुण पोरांना असतो. त्यांना आम्ही एवढेच सांगू की मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाचा. नोंदणीच्या कागदावर जे आहे त्याच्याशी न जुळणारा फेरफार चालत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला तेवढेच निमित्त पुरते.

मग वजन कधीच बदलू नये काय? बदलावे, पण कारण असेल तर. रोज दुधाचे कॅन किंवा भाजीची पोती वाहणाऱ्याची गाडी चढावर दमत असेल आणि बाकी सर्व ठीक असेल, तर एकेका रोलरमागे एक ग्रॅम कमी करून पाहण्यात गैर नाही. तीन जड आणि तीन हलके असे घालायचे झाल्यास एकाआड एक घालावे, नाहीतर तोल बिघडतो. पेट्रोल थोडे वाढेल, आवाज वाढेल, ते मान्य करून चालावे.

हा प्रकार काही आपल्याच गॅरेजात चालतो असे नाही. गुलमर्गला पर्यटकांना फिरविणाऱ्या बर्फावरच्या स्कूटर असतात. सियाचीनमध्ये आपले जवानही तशा गाड्या वापरतात. पुढे घसरपट्ट्या, मागे रबरी साखळीसारखा पट्टा. त्यांच्याही पोटात हाच दोन पुल्यांचा क्लच असतो. रोलरऐवजी तिथे झुलत्या भुजांवरची वजने असतात. इंजिन बांधले की तिथला जाणकार वजने पुन्हा तपासतो. २६०० मीटरच्या वरच्या उंचीवर हवा विरळ, इंजिनचा जोर कमी, म्हणून तिथे वजन हलके करावे लागते. तीच गाडी खाली आणली तर पुन्हा जड. म्हणजे थकलेले इंजिन आणि उंचावरचे इंजिन यांचे दुखणे एकच, जोर कमी पडण्याचे.

या पट्ट्याच्या गाडीचा इतिहासही थोडा सांगण्यासारखा आहे. हॉलंडमधील डाफ कंपनीने १९५८ साली अशा पट्ट्यांवर चालणारी मोटारगाडी लोकांपुढे आणली. आपल्याकडे हे यंत्र स्कूटरमध्ये रुजविले ते कायनेटिक होंडाने. महाराष्ट्रातील फिरोदियांची कायनेटिक इंजिनीअरिंग आणि जपानची होंडा यांची ही भागीदारी १९८४ ते १९९८ चालली. गाड्या मध्य प्रदेशात पिथमपूरला बनत. बटन दाबून चालू होणारी, पायाने गिअर नाही, हाताने क्लच नाही, अशी गाडी आली आणि साडी नेसणाऱ्या भगिनींना किक मारण्याच्या कसरतीतून सुटका मिळाली. गाडी "बाईची" म्हणून हसणारे पुढे स्वतः तीच घेऊन बसले! आजच्या पेट्रोल स्कूटरमध्ये कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले, पण डाव्या डब्यातला पट्टा आणि रोलर तेच आहेत.

आता काम कसे करून घ्यावे ते सांगतो, कारण बरोबर रोलर आणूनही बसविताना घात होतो.

पुढच्या पुलीचे नट कसताना पट्टा दोन थाळ्यांमध्ये चिमटून राहिला तर नट खोटा आवळला जातो. त्या वेळी हाताला घट्ट लागतो. गाडी शंभर-दोनशे किलोमीटर चालली की पट्टा आपल्या जागी बसतो आणि नट सैल होतो. मग थाळी शाफ्टवर हलू लागते, शाफ्टच्या दातांचे नुकसान होते, आणि क्रँक काढावा लागतो. नुकतेच बांधलेले इंजिन पुन्हा खोलण्याची पाळी येते ती अशी! उपाय साधा आहे. मागच्या पुलीच्या थाळ्या हाताने उघडून पट्टा तिथे खोल दाबावा, म्हणजे पुढे तो ढिला पडतो, आणि मग नट कसावा. तुम्ही शेजारी उभे राहा आणि एवढेच विचारा, "भाऊ, पट्टा मागे दाबला काय?" जाणता कारागीर हसून हो म्हणेल. न जाणणारा वर पाहील. दुसरे, नट सोडविताना पुलीच्या पंख्याच्या पात्यांत पेचकस अडकवू देऊ नये. पाती मोडतात, आणि तोच पंखा पट्ट्याला थंड ठेवतो.

ग्रीसच्या बाबतीत पुस्तिका म्हणेल तसे. काही गाड्यांत मोजून घालतात, काहींत कोरडेच ठेवतात. अंदाजाने बोटभर चोपडलेले ग्रीस उडून पट्ट्यावर जाते आणि पट्टा घसरतो. डब्याचे पॅकिंगही पाहा. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेच्या पुरात घरेदारे पाण्यात गेली, तिथे दारातली गाडी कशी वाचणार? अशा बुडालेल्या गाडीचे इंजिन लोक बांधून घेतात, पण डब्यातले पाणी आणि गाळ तसेच राहते.

इंजिन नवे बांधले असेल तर पहिले पाचशे किलोमीटर रेस पूर्ण पिळू नका, आणि त्या काळात गाडीच्या ओढीवर मतही बनवू नका. रिंगा बसायच्या असतात. त्यानंतर ऑईल बदलून, चाकात हवा भरून, ब्रेक घासत नाही ना ते पाहून, एकाच रस्त्यावर, एकाच माणसाने, एकट्याने गाडी चालवून पाहावी. सायंकाळी वाहतूक कमी असते तेव्हा. कारध्याकडच्या पुलाचा चढ, किंवा तुमच्या गावाजवळचा कोणताही ठरलेला चढ चालेल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रोलरही बदलले, स्प्रिंगही बदलली, कार्ब्युरेटरही पिळला, तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली हे देवालाही, म्हणजे मेकॅनिकलाही, कळणार नाही.

एक युक्ती त्या तरुणाने दाखविली. पुढच्या पुलीच्या थाळीवर आतून बाहेर अशी मार्कर पेनाने एक रेघ ओढायची, डबा लावून गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवायची, मग उघडून पाहायचे. पट्टा जिथपर्यंत चढला तिथपर्यंत रेघ पुसलेली असते. कडेपर्यंत पुसली असेल तर गिअर पूर्ण चढतो आहे. अर्ध्यावरच थांबली असेल तर रोलर हलके, चपटे किंवा अडकलेले आहेत. पाच रुपयांच्या पेनाने पाच हजारांचा वाद मिटतो.

बिल घेताना त्यावर बोअरचे माप, पिस्टनचे माप, पट्ट्याचा नंबर आणि रोलरचे वजन ग्रॅममध्ये लिहून मागा. तोंडी नको. आणि गाडीतून काढलेले जुने रोलर मागून घ्या. ते एका पाकिटात घालून, वर तारीख, मीटरचा आकडा आणि वजन लिहून, गाडीच्या कागदांसोबत ठेवा. गाडी पुढे विकाल तेव्हा ते पाकीट घेणाऱ्याच्या हाती द्या.